चौथा आवाज

कॉन्सर्ट संपून अर्धा तास झाला असेल. वेल्समधल्या आमच्या गावच्या चॅपलच्या मागच्या खोलीत, इथले लोक तिला व्हेस्ट्री म्हणतात, आम्ही सात-आठ जणी कपबशा धूत होतो. फिकट हिरव्या रंगाच्या जाड कपबशा, ज्या चॅपलमध्ये गेले तिथं मला ह्याच दिसल्यात, आणि कितीही घासा चहाचा वास काही जात नाही त्यांचा. माझ्या हातात पुसायचं फडकं. शेजारी आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे आजोबा, कॉयरचा, म्हणजे समूहानं गाणाऱ्या मंडळाचा, मरून ब्लेझर खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, बाह्या दुमडलेल्या, बशा पुसून एकावर एक रचत होते आणि गुणगुणत होते. बराच वेळ एकाच सुरावर, मग एकदम खाली उतरायचं, मग परत येऊन त्याच सुरावर बसायचं. मला वाटलं काहीतरी जुनं, खाणीतलं वगैरे गाणं असणार. सहज विचारलं, हे कुठलं हो, आज प्रोग्राममध्ये नव्हतं ना? त्यांनी हातातली बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "मवॅनवी आहे बाख. मघाशी तू डोळे पुसत होतीस ना, तेच."

मला ओळखूच आलं नव्हतं.

बाख म्हणजे बाळ, पोरी, असं काहीतरी. चाळिशीतल्या मला ते तसंच हाक मारतात. पण ती गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. मवॅनवी हे वेल्श गाणं मी इथं आल्यापासून पन्नास वेळा तरी ऐकलं असेल, गाडीत, मोबाईलवर, दोनदा लग्नात आणि एकदा चक्क मयताला. चाल मला पाठ आहे. आणि हा माणूस वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून तेच गाणं गातोय, म्हणजे आता साठ वर्षं होत आली, आणि तो जे गातो ते एकट्यानं गायलं तर ते गाणं वाटतच नाही. त्याचं कारण तसं साधं आहे. इथल्या पुरुषांच्या कॉयरमध्ये चार आवाज असतात, वरून खाली पहिले टेनर, दुसरे टेनर, बॅरिटोन आणि सगळ्यात खाली सेकंड बास. चाल बहुतेक वेळा पहिल्या टेनरकडे. आजोबा सेकंड बास. म्हणजे आख्खं आयुष्य गाण्यात गेलं आणि चाल वाट्याला क्वचितच आली. हे मला माहीत होतं, पुस्तकात वाचल्यासारखं माहीत होतं, पण बशी पुसताना कानावर पडलं तेव्हा पोटात कसंतरी झालं.

आम्ही कार्डिफ सोडून ऱ्होंडाच्या, जुन्या कोळसाखाणींच्या दरीच्या, ह्या वरच्या अंगाला आलो ते नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या नोकरीमुळे आणि इथं घरं परवडतात म्हणून. दरी अरुंद, दोन्ही बाजूला डोंगर आणि डोंगराच्या पोटाला चिकटून घरांच्या लांबच लांब रांगा, एकाची भिंत ती दुसऱ्याची भिंत. चाळीत वाढलेल्या माणसाला इथं परकं वाटत नाही, पलीकडे कोण खोकलं, कुणाकडे कढईत काय पडलं, सगळं कळतं. आजोबा दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता प्रॅक्टिसला निघायचे आणि जाताना जिन्यात घसा साफ करायचे ते आमच्या हॉलमध्ये ऐकू यायचं. ह्या वर्षी त्यांनीच वार्षिक कॉन्सर्टची दोन तिकिटं आणून दिली आणि म्हणाले, नुसतं ऐकायला येऊ नका, इंटर्व्हलला माणसं कमी पडतात.

तर मी पाचलाच गेले. पाऊस होताच. चॅपलमध्ये शिरल्या शिरल्या ओल्या लोकरीच्या कोटांचा वास, फरशीच्या पॉलिशचा, आणि कपाटातून वर्षातून एकदाच बाहेर काढलेल्या ब्लेझरांच्या डांबरगोळ्यांचा. बाकांच्या टोकाला छत्री उभी करायला लोखंडी कडं आणि खाली पाणी पडायला छोटी ताटली, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सुताराला इथल्या पावसाची खात्री होती म्हणजे. तिन्ही बाजूंनी वर गॅलरी, समोर उंच पल्पिट, त्याच्यामागे ऑर्गनचे पाइप. गॅलरीच्या कठड्यावर घड्याळ आहे, ते पल्पिटच्या बरोब्बर समोर, प्रवचन देणाऱ्याला वेळ दिसावा म्हणून. बसायला जागा सातशेची तरी असेल. आम्ही दोनशे होतो. कॉयरमध्ये चौतीस. व्हेस्ट्रीत लावलेल्या जुन्या ग्रुप फोटोत मी मोजायचा प्रयत्न केला होता, नव्वदच्या पुढं गेल्यावर चेहरे इतके बारीक झाले की सोडून दिलं.

चौतीस माणसं पायऱ्यांवर उभी राहिली, बहुतेक सगळे सत्तरीच्या आसपासचे, दोघांना कठडा धरून चढावं लागलं, एकाच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. हातात कागद नाही, सगळं पाठ. मला खरं तर भीतीच वाटली की आता आवाज कापरे निघणार आणि आपल्याला कौतुकाचं तोंड करून बसावं लागणार. कंडक्टर बाईंनी हात वर केला आणि जो आवाज आला तो मला आधी पायाखालच्या फळ्यांमध्ये लागला आणि मग कानात. तेही मोठ्यानं गात नव्हते. अगदी हळू गात होते, पण चौतीस माणसांचं हळू म्हणजे काय वजन असतं ते समोर बसल्याशिवाय कळत नाही.

अशा कॉन्सर्टची एक ठरलेली रीत असते. कॉयर चार-पाच गाणी गाणार, मग पाहुणी कलाकार, मग परत कॉयर, मग चहा. त्या रात्रीचे अध्यक्ष पहिल्या बाकावर बसतात, इंटर्व्हलनंतर उठून चार शब्द बोलतात आणि कॉयरला देणगीचं पाकीट देतात. रॅफलची तिकिटं फिरतात. शेवटी राष्ट्रगीत. पाहुण्यांशिवाय कॉन्सर्ट होत नाही, कारण आपल्याच माणसांना आपणच दर आठवड्याला ऐकतो, आणि दुसरं म्हणजे नवीन गळ्याला पहिलं स्टेज द्यायची ही इथली जुनी पद्धत आहे. ह्यावेळी दोघी होत्या. एक सोप्रानो, म्हणजे उंच आवाजात गाणारी, कार्डिफला कॉलेजात गाणं शिकणारी, वीस-बावीसची, हिरवा लांब ड्रेस, आणि एक हार्प वाजवणारी मुलगी जिचा हार्प तिच्या बाबांनी आणि दोन बॅरिटोननी मिळून आत आणला, बाजेसारखा आडवा धरून.

हार्पवालीनं जे केलं त्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय कारण माझ्यासाठी ती रात्रीतली सगळ्यात ओळखीची गोष्ट होती. ह्या प्रकाराला केर्ध दान्त म्हणतात. हार्पवर एक चाल सुरू होते, स्वतंत्र, पूर्ण चाल. काही मात्रा गेल्यावर गाणारा वेगळ्याच चालीत कविता म्हणत मध्येच शिरतो. हार्प आपल्या वाटेनं, गळा आपल्या वाटेनं, दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही असं वाटत राहतं, पण अट एकच, संपायचं दोघांनी एकदम. सोप्रानो गात होती आणि मी नकळत मांडीवर बोटांनी मात्रा मोजायला लागले, आता कशी येणार ही, आता सहा राहिल्या, आता चार, आणि शेवटचा शब्द आणि हार्पचा शेवटचा सूर असे एकमेकांवर पडले की माझ्या तोंडून "वाह" निघून गेलं. मोठ्यानं. चॅपलमध्ये गाणं पूर्ण संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढत नाही. पुढच्या बाकावरच्या आजींनी मागे वळून बघितलं आणि मान डोलावली. समेवर आल्यावर माणसाला जे होतं ते त्यांनाही झालं असणार, त्यांच्याकडे त्याला दाद द्यायची पद्धत वेगळी, इतकंच.

पाहुण्यांवरून आजोबांची आवडती गोष्ट आठवली. १९५७ साली पोर्थकॉलला खाणकामगारांचा आयस्टेथवॉद होता, म्हणजे गाण्या-कवितांचा मेळा, आणि त्यात प्रमुख पाहुणा होता पॉल रोबसन, कृष्णवर्णीय अमेरिकन गायक. तो अमेरिकेत. तिथल्या सरकारनं त्याचा पासपोर्ट १९५० पासून काढून घेतलेला, त्याला देश सोडता येत नव्हता. मग समुद्राखालून जाणाऱ्या टेलिफोनच्या केबलवरून तो न्यूयॉर्कमधून गायला आणि पोर्थकॉलच्या गच्च भरलेल्या हॉलमध्ये स्पीकरवर त्याचा तो खोल आवाज आला. मग इकडून ट्रिऑर्कीचं कॉयर त्याच्यासाठी गायलं, फोनवर. आजोबांचे वडील हॉलमध्ये होते. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे, आणि त्यांनी ही गोष्ट घरात इतक्या वेळा ऐकलीय की आपणही तिथं होतो का नुसतं ऐकलं हे आता त्यांना नक्की सांगता येत नाही. मी विचारलं, बायकोला माहीत असेल ना, तर म्हणाले, तिला वाटतं की मी होतो.

ते पंधराव्या वर्षी खाणीत उतरले. १९८४-८५ चा वर्षभराचा संप बघितला, आणि १९९० ला मार्डीची खाण बंद झाली, ऱ्होंडातली ती शेवटची. ते सांगतात तेव्हा मला माझे आजोबा दिसतात, परळच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर कोरेगावला परत गेले ते कायमचे. त्यांचंही चाळीत भजनी मंडळ होतं. गिरणी गेली तेव्हा मंडळही गेलं कारण माणसंच पांगली. इथं मात्र खाण गेली आणि कॉयर राहिलं, माणसं दुसऱ्या कामाला लागली, कुणी बस चालवायला लागलं, कुणी फॅक्टरीत, पण गुरुवारी सातला यायची. मला त्याचा हेवा वाटतो. आणि त्याच वेळी ती नाकातली नळी, ते कठड्याला धरलेले हात दिसतात आणि मोजावंसं वाटतं की अजून किती वर्षं, मग मीच स्वतःला थांबवते.

इंटर्व्हलला दोनशे लोकांना चहा, वेल्श केक आणि अंड्याची सँडविच द्यायची होती. वेल्श केक म्हणजे तव्यावर भाजलेल्या जाडसर गोड टिकल्या, बेदाणे घातलेल्या, वरून साखर. ते गरम असताना छान लागतात, आणि मी सोडून सगळ्यांच्या लक्षात होतं की ते आधी कॉयरच्या लोकांसाठी बाजूला काढून ठेवायचे कारण ते सगळ्यात शेवटी येतात. पाहुण्या मुलीला फुलांचा गुच्छ मिळाला. मला तेव्हा ते खटकलं होतं, आज लिहितानाही थोडं खटकतंय, की वर्षभर दर गुरुवारी येणाऱ्याला थंड चहा आणि एका रात्रीसाठी आलेल्या मुलीला गुच्छ. पण दुसऱ्या भागात ती गायला उभी राहिली तेव्हा मागून पूर्ण कॉयरनं तोंड मिटून नुसता हुंकार धरला, आणि तिचा आवाज त्याच्यावर असा उचलला गेला की तिच्याही चेहऱ्यावर क्षणभर आश्चर्य दिसलं. कॉलेजच्या खोलीत पियानोबरोबर गाताना असं होत नसणार.

आणि मग मवॅनवी. १८७५ चं गाणं, जोसेफ पॅरीचं. तो वेल्समधल्याच मर्थरचा, लहानपणीच खाणीत आणि मग लोखंडाच्या कारखान्यात कामाला लागलेला, १८५४ ला घरच्यांबरोबर अमेरिकेला गेलेला आणि तिथं भट्टीवर काम करता करता संगीत शिकलेला माणूस. गाण्यात एक प्रियकर रागावलेल्या मवॅनवीला विचारतोय, आणि शेवटी निरोप घेतोय. इतकं हळू सुरू होतं की पहिला शब्द सुरू कधी झाला हे कळत नाही. गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाही, ह्या चौतिसातल्या निम्म्यांना वेल्श येत नाही. आजोबांची आजी वेल्श बोलायची, वडिलांना समजायचं, आजोबांना फक्त गाता येतं. शब्द न् शब्द पाठ, उच्चार चोख. आपण आरती झाल्यावर मंत्रपुष्पांजली म्हणतो, आख्खी इमारत एका सुरात म्हणते, अर्थ विचारला तर दोघांना सांगता येईल, पण एखाद्यानं चुकीचं म्हटलं तर लगेच सगळ्यांच्या लक्षात येतं, तसं काहीसं.

हे लोक शिकले कसे हाही एक प्रश्नच होता मला, कारण बहुतेकांच्या घरात पियानो नव्हता, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर, वाचता यायचं नाही. चॅपलमध्ये संडे स्कूलला टॉनिक सोल-फा शिकवायचे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर नावाच्या बाईंनी बसवलेली आणि जॉन कर्वेननं पसरवलेली पद्धत, नुसत्या अक्षरांची, आणि वेल्सनं ती अशी उचलली की खाणकामगार हँडेलच्या मसीहासारखी मोठी रचना पाठ करून गायला लागले. आपल्याकडे खासी टेकड्यांत आणि मिझोराममध्ये वेल्श मिशनरी गेले, मिझो लोक आजही ह्याच अक्षरांवरून चार आवाजांत गातात. पण हे सगळं मला नंतर कळलं. व्हेस्ट्रीत त्या रात्री मी ओशाळून म्हणाले की मला फक्त चाल माहीत होती, तेव्हा आजोबा कपाटापाशी गेले आणि एक पिवळी पडलेली, टेपनं चिकटवलेली कॉपी घेऊन आले. त्यावर सुरांच्या रेघा नव्हत्या. अक्षरं होती. डो, रे, मी ची पहिली अक्षरं, मध्ये उभ्या रेघा, टिंबं, आडव्या रेघा म्हणजे सूर लांबवायचा. वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं, आजचा डो कुठला. म्हणजे डो एका जागी बांधलेला नाही, गाणाऱ्याच्या सोयीनं हलतो. मी बघतच राहिले. अहो हा तर सा आहे, मी म्हणाले. आपण पेटीवर सफेद एक धरतो, काळी चार धरतो, आणि मग तोच सा, तसंच. खालच्या सप्तकाला अक्षराच्या पायाशी बारीक खूण, आपण टिंब देतो तशी. तीव्र मध्यमाला वेगळं नाव, कोमल निषादाला वेगळं. ओल्या फडक्यासकट मी तिथं खुर्चीवर बसले आणि सगळ्यात खालची ओळ सरगममध्ये वाचायला लागले आणि आजोबा माझ्याकडे बघत राहिले, एका चिनी माणसानं अचानक मराठी वाचावं आणि आपण बघत राहावं तसे.

मला शाळेत गॅदरिंगच्या समूहगीतात उभं केलं होतं आणि बाईंनी जवळ येऊन हळूच सांगितलं होतं की तू नुसते ओठ हलव. सातवीत. तेव्हापासून चारचौघांत मी गायलेली नाहीये. हे मी त्यांना सांगितलं तर त्यांना कळेचना. "पण तुझा आवाज कुठला?" ते परत परत विचारत होते, म्हणजे टेनर का बास का आल्टो. गाता येतं का हा प्रश्नच त्यांच्या डोक्यात नव्हता. प्रत्येकाला कुठलातरी आवाज असतोच, तो कुठं उभा करायचा एवढंच ठरवायचं.

मग त्यांनी श्वासाचं सांगितलं. लांब सूर असला की सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर गाणं तुटतं, म्हणून शेजारच्याशी बोलून ठेवायचं, तू इथं घे, मी पुढं घेतो. त्यांच्या डाव्या हाताला चाळीस वर्षं एकच माणूस उभा राहायचा, खाणीत एकाच शिफ्टला होते. तो एक शब्द अलीकडे घ्यायचा आणि आजोबा ओळ संपल्यावर. मागच्या हिवाळ्यात तो गेला. "आता तिथं नवीन माणूस आहे, चांगला गातो," आजोबा म्हणाले, "पण मला ओळ संपल्यावर दम पुरत नाही. आधी पुरायचा. म्हणजे मला वाटायचं पुरतो." एवढं बोलून ते परत बशा रचायला लागले.

बाकीचे सगळे क्लबात आफ्टरग्लोला गेले होते. कॉन्सर्टनंतरचं हे गाणं तिकिटाच्या गाण्यापेक्षा जास्त चांगलं असतं असं सगळे म्हणतात, ग्लास हातात घेऊन, पाहुणे मध्ये, जो सुरू करेल ते. आम्ही शेवटचे पोचलो. दारातून आत जाताना कुणीतरी काहीतरी सुरू केलं आणि आजोबा कोट काढायच्या आधीच, दारातच, खालचा सूर धरून उभे राहिले.

घरी येऊन मी आईला व्हॉट्सअॅपवर दोन रेकॉर्डिंग पाठवली. एक पूर्ण कॉयरचं आणि एक आजोबांच्या एकट्याच्या गुणगुणण्याचं, ते मी त्यांना विचारून व्हेस्ट्रीतच केलेलं. सकाळी आईचा व्हॉइस मेसेज आलेला. पहिल्याबद्दल छान आहे एवढंच. दुसऱ्याबद्दल बराच वेळ बोलत होती. "अगं, ह्यांनी झील धरलीये. तुझे आजोबा असेच गायचे बघ, बुवा पुढं अभंग म्हणणार आणि हे मागं झील धरणार. घरी आंघोळ करताना पण झीलच म्हणायचे, अभंग नाहीच. आम्ही पोरी हसायचो, म्हणायचो अण्णांना गाणंच येत नाही." मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. "बुवा आजारी पडले की दुसरे बुवा आणायचे. अण्णा नसले की भजन ठेवायचेच नाहीत."

मी शेजारच्या आजोबांकडून त्या कॉपीचा फोटो काढून घेतला आणि पुढच्या रविवारी दुपारी पेटी काढली. नवरा ड्यूटीवर, बाहेर पाऊस, खालची ओळ समोर. बराच वेळ सा. मग उतरून पंचम, परत सा. पेटीवर वाजवायला अगदीच सोपं, लहान मुलाला येईल, आणि मला अजूनही त्यात मवॅनवी कुठं दिसत नव्हतं. मग वाजवता वाजवता मी म्हणायला लागले, माझ्या पट्टीत, शब्द चुकत, हळू. तीन-चार वेळा म्हटलं असेल. पाचव्या वेळी मनातल्या मनात वरची चाल आपोआप सुरू झाली आणि मग ते सा सारखे सारखे नाही राहिले, प्रत्येक वेळी वेगळा लागायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिसायकलिंगच्या पिशव्या बाहेर ठेवताना आजोबा भेटले. पावसाबद्दल बोलले, कचरेवाल्यांच्या बदललेल्या वाराबद्दल बोलले. आत जायला वळले आणि दारात थांबले.

"तिसऱ्या ओळीच्या शेवटी श्वास नको घेऊस बाख," म्हणाले. "एक शब्द अलीकडे घे. तिथं मी घेतो."